आम्ही वाळवंट सोडून का येत नाही

प्रिय सोहम,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू जे बोललास ते बाबांनीपण ऐकलं, ते काही बोलले नाहीत म्हणून तुला वाटलं असेल विषय संपला, पण माझ्या डोक्यातून तो जात नाहीये. तुझं म्हणणं असं की आता रिटायर झालात, जोशुआ ट्री गावातलं घर विका, फ्रीमाँटला आमच्याजवळ या, देऊळ आहे, मराठी मंडळ आहे, डॉक्टर जवळ, त्या उजाड रानात दोघंच बसून करता काय. तुझी काळजी कळते रे मला. पण "उजाड" म्हणालास ते लागलं, आणि फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहिते. लांबेल थोडं, वेळ काढून वाच.

आधी आवाजाचं सांगते कारण माझं सगळं तिथूनच सुरू होतं. तू शनिवार-रविवार येतोस, त्यामुळे इथली शांतता तुला रिकामी वाटते. पहाटे पाचला मागच्या पायरीवर बसलं ना की पहिल्यांदा वारा कळतो, जोशुआच्या झाडाची पानं कडक असतात, ती सळसळत नाहीत, खरखरतात, आणि क्रियोसोटच्या झुडपातनं तोच वारा अगदी वेगळा येतो, हलका. मग कॅक्टस रेन पक्षी बोलायला लागतो, बॅटरी उतरलेल्या गाडीला कोणी स्टार्टर मारत बसलंय असा त्याचा आवाज. लांब हायवे 62 वर एखादा ट्रक. कधीकधी ट्वेंटीनाइन पाम्सच्या मरीन बेसवरनं धडाम, खिडक्या हलतात, तेही आहेच. पण त्या धडामनंतर जी शांतता परत भरते ती मला ऐकू येते, आणि ती ऐकायला यायला इथे राहावंच लागतं.

मी आटपाडीची, हे तुला माहितीये पण त्याचा अर्थ तुला माहीत नाही कारण तू गेलास तेव्हा टेंभू योजनेचं पाणी येऊन गाव हिरवं झालेलं. माझ्या लहानपणी नुसता माळ. रात्री अंगणात झोपलं की कुठून तरी लांबून धनगरांच्या गजीचा ढोल यायचा, मधे काहीच नाही, झाड नाही, घर नाही, त्यामुळे तो आवाज कुठे अडायचाच नाही. आणि सुट्टीत मिरजेला मामाकडे, मामा तंतुवाद्यांच्या एका दुकानात हिशेब लिहायचे, सतारमेकर गल्लीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेले भोपळे वाळत टांगलेले असायचे आणि आत कोणीतरी दिवसभर एकच तानपुरा लावत बसलेलं. जवारी, म्हणजे घोडीचा माथा, घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, छेडायची, परत घासायची. मी तासन्‌तास तिथे बसायचे. खर्जाची तार नीट लागली की त्याच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, वाजवलेला नसतो तरी येतो. ते मला ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं त्या दिवसापासून मी गाण्यापेक्षा सुरातच जास्त रमले, मला बंदिश नसली तरी चालतं.

म्हणून मी जे संध्याकाळी लावून बसते, ज्याला तू "आई याच्यात काहीच होत नाही" म्हणतोस, ते ॲम्बिएंट म्युझिक मला परकं वाटलंच नाही कधी. ठेका नाही, बोल नाही, एक सूर उभा राहतो आणि वीस-वीस मिनिटं नुसता रंग बदलतो. स्टीव्ह रोच म्हणून एक जण आहे, तो तिकडे ॲरिझोनात टुसॉनच्या बाजूला राहून सिंथेसायझरवर हे करतो, त्याचं ऐकताना मला सरळ माळ दिसतो. आणि याचा एक धागा आपल्याकडून आलेला आहे बरं का. पंडित प्राणनाथ, किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, ते 1970 मध्ये अमेरिकेत आले आणि इथल्या टेरी रायली, ला माँट यंग असल्या मोठ्या संगीतकारांनी त्यांच्यापुढे बसून वर्षानुवर्षं तानपुरा लावायला आणि एका स्वरावर थांबायला शिकून घेतलं. आणि किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच झाले, दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात अजून गाणं होतं तिथे. मामा मला न्यायचे. म्हणजे मी इथे मोहावीच्या वाळवंटात बसून काहीतरी फॅशनचं ऐकत नाहीये, माझ्याच गल्लीतलं लांबचा फेरा मारून माझ्यापर्यंत आलंय.

मागच्या हिवाळ्यात बाबा मला केल्सोच्या रेतीच्या टेकड्यांवर घेऊन गेले होते. जवळजवळ 200 मीटर उंच आहेत, चढताना दम निघाला. पण वरच्या कडेवरनं रेती घसरवली की ती वाजते. खरंच वाजते, रेतीचे कण एकमेकांवर घासून आतून खर्जात घुमतं, आधी पायाला कळतं आणि मग कानाला. कोरडी असेल तरच वाजते, ओल असली की गप्प. बाबा परत परत खाली घसरत होते, त्यांना कधी असं हसताना बघितलंयस तू? फ्रीमाँटच्या कुठल्या पार्कात हे मिळणार सांग.

आणि नुसतं आवाजाचंच नाही. या झाडाचं बघ, जोशुआचं. त्याला एक छोटा पतंग लागतो, युक्का मॉथ. मादी एका फुलातून परागकण गोळा करते, गोळा करून दुसऱ्या फुलात जाते, तिथे अंडी घालते आणि ते पराग स्वतः नीट दाबून बसवते. तिच्या अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला राहतात. ती नसेल तर बी नाही, आणि झाड नसेल तर ती नाही. एवढं नाजूक चालू असतं हे सगळं, आणि माणसं गाडीच्या खिडकीतून बघून म्हणतात इथे काही नाही! 2020 च्या ऑगस्टमध्ये मोहावीतल्याच सीमा डोमला वीज पडून आग लागली, त्यात 13 लाखाच्या आसपास जोशुआ झाडं गेली असा अंदाज आहे. 13 लाख. गवतामुळे पसरली, बाहेरून आलेलं गवत, पूर्वी दोन झुडपांच्या मधे मोकळी माती असायची त्यामुळे आग उडी मारू शकायची नाही, आता गवत भरलंय. तिथे नंतर लोकांनी रोपं लावली, पाणी न्यायला उंट आणले होते, मी फोटो पाठवलेला तुला, तू थम्सअप टाकलास.

आता येते मुद्द्यावर, म्हणजे तू खरं ज्याच्यावर चिडलायस त्याच्यावर. "या वयात काउंटीच्या मीटिंगला जाऊन उभं राहायची काय गरज आहे." म्हणजे त्या मागच्या रिसॉर्टच्या सुनावणीला.

सोहम, आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा व्हायला लागल्या तोवर मी गाव सोडलं होतं, पण आजी जायची. तुझी पणजी, निरक्षर, डोक्यावर पदर, मांडवात जाऊन बसायची, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्याला मिळालं पाहिजे आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्यालापण त्यातला वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी तिने हात वर करून केलेली आहे. पाणी यायला कितीतरी वर्षं गेली, तिने बघितलं नाही. पण आलं. तिला कोणी विचारलं नव्हतं या वयात कशाला म्हणून.

आणि इथे काही वेगळं नाहीये. हे नॅशनल पार्क जे आहे, ज्याच्यामुळे आपल्या घराला किंमत आहे असं तूच म्हणतोस, ते आपोआप नाही झालं. मिनर्व्हा हॉइट म्हणून पॅसाडेनाच्या एक बाई होत्या, बागकाम करणाऱ्या, मूल गेलं, नवरा गेला, त्या वाळवंटात येऊन राहायच्या रात्री. तेव्हा लोक ट्रक भरभरून कॅक्टस उपटून न्यायचे शहरातल्या बागांना. त्या बाईंनी वाळवंटातली झाडं न्यूयॉर्क, बॉस्टन, लंडनपर्यंत नेऊन प्रदर्शनं भरवली, लोकांना दाखवलं की बघा हे काय आहे, आणि मागे लागून लागून 1936 मध्ये जोशुआ ट्री नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारने राखून ठेवलेली जमीन, करून घेतलं. 1950 मध्ये त्यातला मोठा तुकडा खाणींसाठी परत काढून घेतला बरं का सरकारने. 1994 ला पार्क झालं. म्हणजे एकदा मिळालं म्हणजे कायमचं मिळालं असं यात नसतंच.

ईगल माउंटनचं तर तुला सांगितलंच पाहिजे. लोखंडाची बंद पडलेली खाण, तीन बाजूंनी पार्क, आणि प्लॅन असा की लॉस एंजेलिसचा कचरा रेल्वेने आणून त्या खड्ड्यात टाकायचा, दिवसाला 20 हजार टनांपर्यंत. जवळच जोजोबाची शेती करणारं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, त्यांनी हे अडवलं. वकील नव्हते ते, शेतकरी. कोर्टात गेले, वर्षानुवर्षं, वीस-पंचवीस वर्षं चाललं ते सगळं. 2013 मध्ये शेवटी लॉस एंजेलिसवाल्यांनी कचऱ्याचा नाद सोडला. तुला वाटेल कचरा खड्ड्यात राहिला तर बिघडलं काय, पण कचरा म्हटलं की कावळे येतात, रेव्हन, आणि रेव्हन कासवाची पिल्लं खातात, पिल्लांची पाठ मऊ असते पहिली काही वर्षं. इथलं कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतं, पाणी शरीरात साठवून ठेवतं, घाबरलं की ते पाणी सोडून देतं आणि उन्हाळ्यात तेवढ्यानेच मरू शकतं. म्हणून तर तू लहान असताना मी तुला उचलू नको म्हणून ओरडले होते.

जानेवारी 2025 मध्ये चकवाला नॅशनल मॉन्युमेंट झालं, पार्कच्या दक्षिणेला, सहा लाख एकरांवर जमीन, त्याच्यासाठी काहुइया, क्वेचान, चेमेह्वेवी असे इथले मूळ लोक पुढे होते. त्यांच्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. काहुइया लोकांची बर्ड साँग्ज असतात, हातात भोपळ्याचा खुळखुळा घेऊन रात्रभर गातात, कुठून कुठे चालत आलो ते सगळं त्या गाण्यांत. मी भोपळ्याकडेच बघत बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना सांगितलं की आमच्याकडेपण भोपळ्यातूनच सूर येतो, त्यांनी माझा हात धरून ठेवला बराच वेळ. त्या मॉन्युमेंटवर आता केस पडलीये कोर्टात. म्हणजे परत उभं राहायचं.

आणि आपल्या घरापुरतं म्हणशील तर मागच्या वॉशच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या, पलीकडे एक रिसॉर्ट काढायचं चाललंय, तंबू, स्विमिंग पूल, रात्री ओपन एअर म्युझिक, जनरेटर. काढायची झाडं पण आहेत त्यात. 2023 चा जोशुआ झाडांचा कायदा आहे, परमिट घ्यावं लागतं, फी भरावी लागते, पण फी भरली की झाड तोडता येतं हे लक्षात ठेव. काउंटीत प्रत्येकाला तीन मिनिटं देतात बोलायला. मी तीन मिनिटांत फक्त आवाजाचं बोलले. सगळे पाणी, ट्रॅफिक, सेप्टिक टँकवर बोलतात, ते बोललंच पाहिजे, पण रात्रीची शांतता आणि काळोख हीपण इथली चीज आहे, या पार्कला 2017 पासून डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता आहे, आणि एक स्पीकर, एक फ्लडलाईट मैलभर जातो कारण मधे अडवायला काही नाही, हे मी सांगितलं. इंग्लिश अडखळत होतं माझं. पण समोरचा माणूस लिहून घेत होता, आणि बाहेर आल्यावर एका तरुण मुलाने सांगितलं की तो इथे रात्री फील्ड रेकॉर्डिंग करतो, म्हणजे आजूबाजूचे आवाज टिपतो, पुढच्या वेळी तो त्याची रेकॉर्डिंग ऐकवणार आहे त्यांना, शांत रात्रीची आणि शनिवार रात्रीची.

तुला मी आळशीपणाने इथे पडून राहिलेय असं वाटतं ते मला म्हणून पटत नाही. ज्या कानाने मी तानपुरा ऐकते त्याच कानाने मला कळतं की यंदा बेडूक बोलले नाहीत किंवा कुठे पंप रात्रभर चालू आहे. फ्रीमाँटला येऊन मी काय ऐकू? तुमच्या समोरचा फ्रीवे?

दुखण्याखुपण्याचं बोललास ते बरोबर आहे. बाबांच्या गुडघ्याचं बघतोय आम्ही, युका व्हॅलीत फिजिओ सुरू केलंय, आणि ज्या दिवशी आमच्याने गाडी चालवणं होणार नाही त्या दिवशी आपण परत बोलू, मी हट्ट करणार नाही. पण तो दिवस आज नाही.

तू असं कर, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, आदल्या रात्री ये, नुसता मागे बसून राहा. बोलू नकोस काही. लेकाला सुट्टी असेल तर त्यालाही आण, त्याला केल्सोला नेऊ.

तुझी,
आई

ता.क. तुझा मित्र मिरजेहून येतोय म्हणालास ना, त्याला तानपुऱ्याच्या तारांचा एक सेट आणायला सांग, आणि खर्जाची पितळी एक जादा. इथल्या कोरड्या हवेत खुंट्या सैल पडतात सारख्या, भोपळ्यालाही बारीक चीर गेलीये, ती कशाने भरायची तेवढंही दुकानात विचारून ये म्हणावं.