स्थानिक सार्वजनिक वाहिनी वगळल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
इंटरनेट टीव्ही सेवा विभाग

विषय : जाहिरातीत आश्वासन देऊनही स्थानिक सार्वजनिक वाहिनी उपलब्ध नसल्याबाबत.

महोदय,

मी आपल्या इंटरनेट टीव्ही सेवेची वर्गणीदार आहे. ‘तुमच्या भागातील सर्व स्थानिक वाहिन्या’ हे आपल्या जाहिरातीतील शब्द वाचून मी केबल बंद केली आणि ही सेवा घेतली. पत्ता नोंदवल्यावर खासगी स्थानिक वाहिन्या यादीत आल्या. मात्र साध्या अँटेनावर कोणालाही विनामूल्य दिसणारी सार्वजनिक वाहिनी त्यात नव्हती. मदत केंद्राकडे विचारणा केली असता, राष्ट्रीय सार्वजनिक वाहिनी यादीत आहेच, स्थानिक केंद्राच्या प्रसारण हक्कांची अडचण आहे आणि हवे असल्यास त्या केंद्राचे अ‍ॅप वापरावे, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही.

राष्ट्रीय वाहिनी ही स्थानिक केंद्राची जागा घेऊ शकत नाही. आमच्या मतदारसंघातील उमेदवारांची समोरासमोर चर्चा, पालिकेच्या अर्थसंकल्पाची चिकित्सा, पूर आल्यास कोणता रस्ता बंद आहे याची सूचना, हे सारे स्थानिक केंद्रच दाखवते, कारण देशभरच्या प्रेक्षकांना त्याचे प्रयोजन नसते. खासगी वाहिन्या जाहिराती मिळतील तेवढाच वेळ अशा विषयांना देतात. शिवाय अमेरिकेतील पीबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सदस्य केंद्रांप्रमाणे जी केंद्रे प्रेक्षकांच्या देणग्यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असतात, त्यांच्या दृष्टीने यादीतून गळणे म्हणजे देणगीदारही हळूहळू गमावणे होय.

अ‍ॅपचा पर्यायही अपुरा आहे. आपल्या सेवेत इतर वाहिन्यांचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवता येतात आणि शोधताही येतात. वेगळ्या अ‍ॅपमधील वाहिनीला यांपैकी काहीच लागू होत नाही. माझ्या वृद्ध आईला रिमोटवरील वाहिनी बदलण्याचे बटण तेवढे ठाऊक आहे. ज्या वाहिनीसाठी यादीबाहेर जावे लागते, ती तिच्या लेखी अस्तित्वातच नाही, आणि असे प्रेक्षक थोडे नसावेत.

हक्कांची अडचण खोटी आहे असे मी म्हणत नाही. स्थानिक केंद्र अनेक निर्मात्यांकडून कार्यक्रम घेते, आणि हवेतून प्रसारणाचा हक्क मिळाला म्हणजे इंटरनेटवरील हक्क मिळालाच असे नसते, याची मला जाणीव आहे. पण ही अडचण सुटू शकते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूब टीव्ही या अमेरिकेतील इंटरनेट टीव्ही सेवेवर आरंभी पीबीएसची स्थानिक केंद्रे नव्हती. २०१९ मध्ये त्यासाठीचा करार जाहीर झाला. ब्रिटनमध्ये २०२४ पासून ‘फ्रीली’ ही सेवा सार्वजनिक प्रसारकांच्या वाहिन्या थेट इंटरनेटवरून विनामूल्य दाखवत आहे. आपण मात्र स्थानिक केंद्राशी बोलणी सुरू केली आहेत की नाही, हेही सांगितलेले नाही.

कायद्याचे बंधन नाही, असे कदाचित आपण म्हणाल. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने केबलचालकांना स्थानिक सार्वजनिक केंद्रे दाखवणे बंधनकारक केले आणि भारतात १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्यांबाबत तसेच केले. अमेरिकेतील उपग्रह सेवांना तर २००२ पासून असा नियम आहे, की कायद्याने मिळणाऱ्या परवान्याखाली एखाद्या भागातील एक स्थानिक केंद्र घेतले, तर तेथील मागणी करणारे प्रत्येक पात्र केंद्र घ्यावे लागते. इंटरनेट सेवा खासगी करारांवर चालत असल्याने या बंधनांच्या बाहेर राहिल्या आहेत. पण केबलला पर्याय म्हणून स्वतःची विक्री करणाऱ्या कंपनीने केबलवर हमखास मिळणारी वाहिनीच वगळावी, हे कोणत्याही कायद्याविना अयोग्य आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत : आमच्या भागातील सार्वजनिक केंद्राशी करार करून ती वाहिनी खासगी स्थानिक वाहिन्यांच्या शेजारीच, उपशीर्षकांसह आणि रेकॉर्डिंगच्या सोयीसह द्यावी. बोलणी कुठवर आली आहेत, हे लेखी कळवावे. तोपर्यंत ‘सर्व स्थानिक वाहिन्या’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत आणि कोणत्या वाहिन्या नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वीच ग्राहकाला दाखवावे. वाहिनी देणे शक्य नसल्यास उर्वरित मुदतीची वर्गणी कोणतीही कपात न करता परत करावी.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार