काय तपासले नाही, तेही छापा

महोदय,

नदीचे आणि विहिरींचे पाणी ‘पिण्यायोग्य’ ठरल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबतच्या तक्त्यात सामू, टीडीएस, नायट्रेट, कोलिफॉर्म असे सगळे होते. कीटकनाशके, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायने), पीएफएएस (न चिकटणारी भांडी, आग विझवण्याचा फेस यांत वापरलेली, सहजी न विघटणारी रसायने) यांचे नावसुद्धा नव्हते. माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान यांसारखी कीटकनाशके वर्षानुवर्षे टिकतात आणि धोकादायक प्रमाणात असली तरी चवीला, वासाला कळतीलच असे नाही. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, म्हणजे क्षार. ही रसायने त्याला दिसत नाहीत. क्लोरीनने जंतू मरतात, पण ही जात नाहीत. पीएफएएस असलेले पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि ते मागेच राहते.

अशा टिकाऊ विषारी रसायनांवर बंदी वा निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ पासून लागू झाला. सुरुवातीच्या १२ रसायनांच्या यादीत २००९ मध्ये लिंडेन आणि २०११ मध्ये एंडोसल्फान आले. पण बंदी घातल्याने जमिनीतला साठा नाहीसा होत नाही. एक टन लिंडेन काढताना साधारण आठ ते बारा टन निरुपयोगी एचसीएच (लिंडेनबरोबरच तयार होणारे, त्याच्याच जातीचे रसायन) उरत असे. कित्येक देशांत ते कारखान्यांच्या आसपास खड्ड्यांत पुरले गेले. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते. भूजलात ऊन पोचत नाही, जिवाणूही कमी. तिथे गेलेले रसायन पुढच्या पिढीच्या उपशात येऊ शकते.

नमुना कसा घेतला, यावरही पुष्कळ अवलंबून असते. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसते. वरचे पाणी भरून नेले तर अहवाल चांगला येणारच! गाळ तपासा, मासे तपासा. माशांच्या चरबीत ते साठत जाते, तिथून माणसात आणि आईच्या दुधातून तान्ह्या बाळात. पीएफएएसमधली बरीच रसायने मात्र पाण्याबरोबर दूरवर जातात. त्यांच्यासाठी पॉलिप्रोपिलीनची बाटली लागते, तर कीटकनाशकांसाठी काचेची, तीही गडद. प्लास्टिकच्या बाटलीतून कीटकनाशकांचे नमुने आले की मी ते परत पाठवत असे. लोक रागवायचे, पण तसल्या नमुन्याचा आकडा देणे मला कधीच पटले नाही.

आणखी एक. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या पीएफएएसमधल्या दोन रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) ठरवली. ज्या यंत्राला १०० नॅनोग्रॅमखालचे काही ओळखताच येत नाही, ते ५० नॅनोग्रॅम असलेल्या पाण्यालाही ‘आढळले नाही’ असाच शेरा देईल. म्हणून त्या शेऱ्याशेजारी यंत्राला किमान किती प्रमाण कळते, तो आकडा हवाच.

या चाचण्या महाग आहेत, हे मला पुरते ठाऊक आहे. दर महिन्याला प्रत्येक विहीर तपासा, असे मी म्हणत नाही. जुने कचरा-खड्डे, कारखान्यांच्या खालच्या अंगाचे नदीपात्र आणि त्यालगतच्या विहिरी यांची तरी वर्षातून एकदा तपासणी व्हावी. नदीत आधी गाळाची. आणि आपल्या वार्ताहरांनी असा अहवाल हाती आल्यावर न तपासलेल्या रसायनांची यादीही मागून घ्यावी आणि बातमीसोबत छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त रसायनतज्ज्ञ