गाणं खेकड्याचं, माइक राजपुत्राकडे

महोदय,

ॲनिमेशनपटांतल्या प्रेमगीतांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ही गाणी म्हणजे कथा थांबवून मुलांना दिलेला विरंगुळा, असं लेखकाचं म्हणणं. माझी ४० वर्षं पेटीवर साथ करण्यात गेली, त्यातली निम्मी संगीत नाटकांना. पदासाठी नाटक कसं थांबतं ते मला पक्कं ठाऊक आहे. (वन्समोर आला की दोनदा थांबतं.) इथे तसं होत नाही.

१९८९च्या ‘द लिटल मर्मेड’मधलं होडीतलं गाणं घ्या. जलपरी एरियलनं माणसाचे पाय मिळवायला आपला आवाज चेटकिणीला देऊन टाकलाय. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत राजपुत्रानं प्रेमानं चुंबन घेतलं नाही, तर ती चेटकिणीच्या तावडीत जाणार. आता प्रेमगीत म्हणायचं कुणी? नायिका मुकी, आणि राजपुत्राला तिचं नावसुद्धा माहीत नाही. गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन, दोघेही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर मुरलेले. त्यांनी गाणं दिलं एरियलच्या सोबतीला असलेल्या सेबास्टियन खेकड्याला; ‘घे तिचं चुंबन’ असं तो राजपुत्राला गाण्यातून सुचवतो. तो लव्हाळ्याची काडी छडीसारखी धरतो आणि मैफल जमवतो: आधी ताल, मग तारा, मग वारा, मग शब्द. बदकं कासवांचा तबला करतात. मध्येच राजपुत्र नाव ओळखायला बघतो, ‘मिल्ड्रेड?’ म्हणतो, पोरगी तोंड वाकडं करते. शेवटी खेकडाच खरं नाव पुटपुटतो. ओठ ओठांजवळ येतात न येतात तोच चेटकिणीचे वाम मासे होडी उलटवतात. यात कथा थांबली कुठे?

‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये (१९९१) पुन्हा तीच खोच. नायिका आणि शापित पशू, नाचणाऱ्या दोघांच्या तोंडी एक अक्षर नाही. गाते चहाची किटली, अँजेला लॅन्सबरीच्या आवाजात. जे दोघांना बोलता येत नाही ते घरातल्या थोरल्या बाईनं ओळखावं, तसं. चित्रपट लागायच्या आधीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, ॲशमन एड्सनं गेले. वय अवघं ४०. त्या गाण्याचं ऑस्कर त्यांना मरणोत्तर मिळालं. उलट २०१३च्या ‘फ्रोजन’मध्ये राजकन्या आणि तिचा राजपुत्र दोघं स्वतःच, एकमेकांची वाक्यं पुरी करत गातात, आणि गडी लबाड निघतो!

आपल्या सिनेमासारखंच तिथेही गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रं मागाहून त्यावर हलतात. त्यामुळे गाणार कोण, हे आधीच ठरवावं लागतं.

हे सगळं आठवायला कारण नातीच्या शाळेचं गॅदरिंग. होडीतलंच गाणं होतं, बाईंनी मराठी शब्द बसवलेले, चुंबनाच्या जागी ‘हात धर’. पेटीवर मीच. पण माइक दिला राजपुत्राला! तो बिचारा स्वतःलाच सांगतोय, ‘धर रे तिचा हात.’ पालक हसले. तालमीत मी दोनदा म्हणालो होतो, गाणं खेकड्याचं आहे. ‘आजोबा, खेकड्याला कोण बघणार?’ असं उत्तर मिळालं.

खेकडा आमची नात होती. लाल झगा, पुठ्ठ्याच्या नांग्या, तोंडी एक ओळ नाही. परतताना रिक्षात तिनं अख्खं गाणं म्हटलं, नांग्या सीटवर आपटत.

– एक पेटीवादक, सांगली