लॅबमधल्या काकांना, काळ्या मातीबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

प्रोजेक्ट रिपोर्टच्या ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड असा क्रम ठरलेला. लॅब असिस्टंटच्या वाट्याला 'सर्व शिक्षकेतर कर्मचारी' एवढेच तीन शब्द. द्राक्षबागेच्या ठिबकचा व्हॉल्व्ह मातीच्या ओलाव्यावर चालवायला जे जे लागलं, त्यातलं बरंचसं तुमच्याकडून आलं. म्हणून हे उघड पत्र.

दोन टोकांच्या स्वस्त सेन्सरला तुम्ही हातच लावू दिला नाहीत. त्यातून सतत डीसी वाहिला की विद्युत-अपघटनाने एक टोक खाल्लं जातं आणि रीडिंग रोज सरकत राहतं. कपॅसिटिव्ह प्रोब (मातीला उघडा धातू न लावता ओल मोजणारी पट्टी) बरा, पण त्याचीही कापलेली कड उघडी असते आणि तिथून पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) पाणी पितो. म्हणून कडेला इपॉक्सी, वरच्या सर्किटवर हीट-श्रिंक नळी.

खरी गंमत निफाडकडच्या काळ्या मातीची. प्रोब हवेत धरून एक आकडा, पाण्यात बुडवून दुसरा, मधलं सगळं टक्क्यांत वाटून टाकायचं, असं कॅलिब्रेशन सर्रास चालतं. तुम्ही थेट सिव्हिलच्या सॉइल लॅबमध्ये पिटाळलंत. त्याच शेतातली माती कमी-जास्त भिजवून नमुने करायचे, प्रत्येकात प्रोबचं रीडिंग घ्यायचं, ओलं वजन करायचं, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवून कोरडं वजन करायचं. उडालेलं पाणी भागिले कोरडी माती. आलेख सरळ रेषेत येत नाही, ते इथेच कळतं.

शिवाय ही माती वाळली की आकसते, भेगाळते आणि प्रोबभोवती हवा शिरते. प्रोब मोजतो परावैद्युतांक, म्हणजे विद्युतक्षेत्रात पदार्थ किती विद्युतभार साठवू देतो त्याचा आकडा. पाण्याचा ८० च्या आसपास, हवेचा १. फट पडली की शेजारी ओल असूनही कंट्रोलरला सगळं कोरडंच दिसतं आणि व्हॉल्व्ह मिटत नाही. त्याच मातीचा चिखल कालवून प्रोबभोवती लिंपा, आणि व्हॉल्व्ह उघडा राहण्याची कमाल वेळ कोडमध्ये घाला, हे दोन्ही उपाय तुमचे. आमच्या मते दुसरा जास्त मोलाचा, कारण चिखलही पुढे तडकतोच.

बाकीचं थोडक्यात, म्हणजे पुढच्या बॅचच्याही कामी येईल. प्रोबची वायर ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) च्या ३४ नंबरच्या पिनला; ती एडीसी-१ गटातली, आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ (अ‍ॅनलॉग रीडिंगचा दुसरा गट) च्या पिना भरवशाच्या नाहीत. १२ व्होल्ट डीसी सोलेनॉइडवर (व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल) १एन४००७ डायोड, कॉइल बंद होतानाचा उलटा झटका जिरवायला; पांढरी पट्टी प्लसकडे. व्हॉल्व्ह उघडताक्षणी बोर्ड रिसेट झाला तर कोड चाळत बसू नये, सप्लाय बघावा: बोर्डाला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) आणि जवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आणि बादली टांगून डेमो नको! पायलट पद्धतीच्या (पाण्याच्याच दाबावर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हला पाण्याचा किमान दाब लागतो, तो बादलीतून मिळत नाही.

बोर्ड आणि मातीचे डबे तुमच्या कपाटात खालच्या खणात ठेवलेत. प्रोब मात्र नवा घ्यायला सांगा, जुन्याची कड फुगलीय.

आपले,
ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), अंतिम वर्षाचा ठिबकवाला ग्रुप
नाशिक