एकाच आराखड्यात दोन ४.३.२ : बहुस्तरीय क्रमांकनाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या लेखन-सॉफ्टवेअरमधील बहुस्तरीय (४.३.२ सारखे) क्रमांक न सांगता चुकतात, याबाबत तक्रार.

महोदय,

कुरखेडा तालुक्यात (जि. गडचिरोली) माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आपल्या सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क मी दरवर्षी वेळेवर भरते. जवळच्या गावांच्या ग्रामसभा त्यांचे ठराव आणि सामूहिक वनहक्काची कागदपत्रं माझ्याकडेच टाईप करून घेतात. वनहक्क कायदा २००६ चा. जंगल सांभाळायचा आणि वापरायचा जो हक्क त्यातून गावाला मिळतो, त्याचे नियम गाव स्वतः व्यवस्थापन आराखड्यात लिहितं. त्यामुळे या कागदातल्या प्रत्येक आकड्याला किंमत असते. शेताला जसा गट नंबर, तसा नियमाला कलम क्रमांक. तो चुकला की भांडण आलंच.

यंदा अशाच एका गावाचा चौसष्ट पानांचा आराखडा मी केला. चौथं प्रकरण वनोपजाचं होतं. ४.१ तेंदूपत्ता, ४.२ चराई, ४.३ मोहफूल असं मी आधीच लावून ठेवलं होतं. समितीतल्या मुलाने बांबूचा भाग त्याच्या लॅपटॉपवर टाईप करून मोबाईलवर पाठवला. तो मी चराईच्या खाली आणून चिकटवला, तर बांबूला क्रमांक आला १.१. आपल्याच मेनूतून मी तिथे ४.३ हा क्रमांक दिला. बांबू ४.३ झाला, त्याखाली ४.३.१, ४.३.२ ओळीने आले. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसत होतं. मोहफूल पुढच्या पानावर होतं. बांबू आत आल्यावर ते ४.४ व्हायला हवं होतं, पण ते ४.३ च राहिलं. तसं कुठे एका शब्दानेही सांगितलं गेलं नाही.

ग्रामसभेत वाचन सुरू झालं. दंडाच्या कलमात लिहिलं होतं, ‘४.३.२ चा भंग केल्यास दंड’. एक म्हातारे उठून म्हणाले, “का जी, ४.३.२ तं दोन हायेत. दंड कोन्याले लागू होते?” बांबूचं ४.३.२ म्हणत होतं की पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघतात, तेव्हा बांबू तोडू नये. मोहफुलाचं ४.३.२ म्हणत होतं की फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळू नये. दोन्ही नियम जंगलासाठी मोलाचे. त्या पाल्याच्या आगीतूनच वणवा पसरतो. दंड मात्र गावाने बांबूसाठीच ठरवला होता. बाया-माणसं कामधंदा सोडून आली होती आणि त्या दिवशी ठराव झाला नाही. सातही प्रती मला माझ्या खर्चाने पुन्हा छापाव्या लागल्या. पैशापेक्षाही, ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून कागद दिला त्यांच्यासमोर उभं राहणं मला फार जड गेलं.

आपल्या मदत क्रमांकावर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सांगितलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. आमच्याकडचं नेट आपल्याला माहीत नसेल. ते डाउनलोड व्हायला रात्र गेली आणि सकाळी दोष तसाच होता. असणारच. दोष त्या फाईलच्या आत होता, माझ्या संगणकात नव्हता.

शेवटी तो मीच शोधला. बांबूच्या ४.३ या आकड्यावर क्लिक केलं की त्याच यादीतले त्या पातळीचे सगळे आकडे करडे होतात. चराईचा ४.२ करडा झाला नाही, मोहफुलाचाही नाही. म्हणजे डोळ्यांना एक दिसणारी यादी आतून दोन होती आणि दोन्ही आपापली मोजणी करत होत्या. मजकुराबरोबर त्या लॅपटॉपवरची यादीही आली होती. मी दिलेला क्रमांक त्या परक्या यादीलाच लागला. मग मी बांबूचा भाग काढून फक्त मजकूर म्हणून चिकटवला, बहुस्तरीय यादी एकदाच ठरवली, तिची पहिली पातळी पहिल्या शीर्षक-शैलीला (हेडिंग स्टाईलला) आणि दुसरी दुसऱ्या शैलीला जोडली. तेव्हापासून आकडा हललेला नाही. हे आपल्या माणसाने पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर?

आणखी एक. इथे बऱ्याच जुन्या फायली कृतिदेवमध्ये आहेत, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेला तो फॉन्ट राहिला की यादीचा क्रमांकही तोच फॉन्ट घेतो. मग इंग्रजी लहान डी च्या जागी क, सी च्या जागी ब, बी च्या जागी इ आणि ए च्या जागी नुसता अनुस्वार उमटतो. पहिल्यांदा मला वाटलं प्रिंटर बिघडला. आणि मराठी कागदात उपकलमं अ, ब, क, ड अशी चालतात. आपल्या क्रमांकांच्या पर्यायांत अ, आ, इ आहे, क, ख, ग आहे, पण अ, ब, क, ड नाही. ती मी आजही हाताने टाईप करते, आणि मधलं एक कलम काढलं की पुढची सगळी हातानेच बदलते.

माझी मागणी अशी. बाहेरून आणलेला मजकूर वेगळी यादी घेऊन येत असेल तर चिकटवतानाच तसं विचारा. एका कागदात किती याद्या आहेत ते एका जागी दिसू द्या. एकच क्रमांक दोनदा आला तर छापण्याआधी इशारा द्या. अ, ब, क, ड ही मालिका द्या. या विषयावरची मदत सरळ मराठीत लिहा, कारण माझ्यासारखी दुकानं तालुक्या-तालुक्यात आहेत आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्या ऑपरेटरलाही हाच त्रास होतो. पुनर्छपाईचं बिल सोबत जोडलं आहे, त्याची भरपाई मिळावी.

बिघडलेली आणि दुरुस्त केलेली, अशा दोन्ही फायली गावाच्या परवानगीने, नावं काढून पाठवत आहे. आपल्या तंत्रज्ञाने त्या उघडून चौथं प्रकरण पाहावं आणि पंधरा दिवसांत मला लेखी उत्तर द्यावं.

आपली ग्राहक,
टायपिंग व झेरॉक्स केंद्र चालक
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

सोबत : दोन फायली, पुनर्छपाईचं बिल