मी पाचनईहून चढले नव्हते

पुणे, सोमवार

ती. आई-बाबा,
सा. न.

शनिवारी फोनवर आईनं विचारलं, "वाट सोपी आहे ना गं?" आणि मी म्हटलं, "हो, पाचनईची. शाळेच्या सहली जातात तिथून." सहली जातात हे खरं. आम्ही पाचनईला उतरलो हेही खरं. पण हरिश्चंद्रगडावर चढलो ते नळीच्या वाटेनं, बेलपाड्याहून. बाबांना हे नाव ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचा चहाचा कप आता खाली ठेवला गेला असेल. मी धडधाकट आहे. फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

आई, तुझ्यासाठी सांगते. हा गड कोकणाच्या बाजूला एकदम तुटतो. तो कोकणकडा, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. त्याच्या शेजारी डोंगराला एक उभी चीर पडली आहे, तीच नळी. पावसाळ्यात तिच्यातून पाणी दगडधोंडे घेऊन खाली येतं, तेव्हा तिथं कुणी फिरकत नाही. जानेवारीत ओढा कोरडा पडतो आणि आमच्यासारखे लोक त्याच ओढ्यातून वर निघतात.

आम्ही तिघं होतो. मी, तू केलेली पुरणपोळी नको म्हणणारी माझी ती मैत्रीण, आणि बेलपाड्याचे वाटाडे दादा. पहाटे पाचला विजेऱ्या लावून निघालो. पहिले तीन तास वाट अशी नव्हतीच, नुसते धोंडे. कुठला म्हशीएवढा, कुठला रिक्षाएवढा. हातांनी धरायचं, गुडघा टेकायचा, वर यायचं, पलीकडे उतरायचं, की पुढचा धोंडा. उजाडलं तरी ऊन नाही. कड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळभर आम्ही त्याच्या सावलीत. मान वर केली की टोपी पडायची, एवढा तो डोक्यावर.

मग नळी अरुंद झाली आणि घसारा लागला. पाय ठेवला की अर्धा पाय खाली. इथं दादांनी शिस्त लावली. एकाच्या खाली एक उभं राहायचं नाही. वरचा माणूस पुढं जाईपर्यंत बाकीच्यांनी कातळाला चिकटून थांबायचं, हेल्मेट काढायचं नाही. एकदा मैत्रिणीच्या पायाखालून नारळाएवढा दगड सुटला. ती "दगड!" म्हणून ओरडली आणि तो माझ्या डावीकडून टणाटण उड्या घेत गेला. त्याचा आवाज खाली बराच वेळ येत राहिला. त्यानंतर तासभर आम्ही दोघी बोललो नाही.

तीन कातळटप्पे आहेत. पहिला चढून गेल्यावर मी जरा शेफारले. दुसऱ्यावर अडकले. वर दादांनी दोर लावला होता, कमरेला पट्टा होता, म्हणजे पडले असते तरी लोंबकळले असते, एवढंच. हे डोक्याला कळत होतं, पायाला नाही. उजवा पाय तुझ्या शिलाई मशीनसारखा खडखडायला लागला. हातांनी जिथं धरलं होतं तिथं बोटं सोलली. खालून मैत्रीण म्हणत होती, "डावीकडे खाच आहे," पण मला डावं-उजवं उरलंच नव्हतं. दादा वरून शांतपणे म्हणाले, "ताई, हातानं वढू नका. पायावर उभ्या राहा." त्यांच्या स्वतःच्या पायात साध्या स्लिपर!

अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला आधी गॅसचं बुकिंग आठवलं. आणि मग तुम्ही. माया वगैरे दाटून आली असं नाही. सरळ हिशेब आठवला. इथं काही झालं तर आई-बाबा माणसं पाचनईला धाडतील. डोंगराच्या भलत्याच बाजूला. पोटात खरा गोळा तेव्हा आला. मग खाच सापडली, उभी राहिले, वर गेले. तिसरा टप्पा कसा चढले ते नीट आठवतही नाही.

दोन वाजता कड्यावर पोचलो. बाबा, तुमचं इंद्रवज्र, ते पूर्ण गोल इंद्रधनुष्य, काही दिसलं नाही. खाली धुकं आणि पाठीशी ऊन असल्याशिवाय ते कुठलं दिसायला! पण कर्नल साइक्सनं ते इथून पाहिल्याचं मी तिथं दोन अनोळखी मुलांना ऐकवलं, अगदी तुमच्या आवाजात. मैत्रीण हसून बेजार. पालथं पडून खाली डोकावले तेव्हा आमचा ओढा पांढऱ्या दोऱ्याएवढा दिसत होता.

केदारेश्वराच्या गुहेत गेलो. चार युगांच्या चार खांबांतला तो एकच अजून उभा आहे, म्हणजे तुमच्या हिशेबानं कलियुग चालू आहे. कमरेइतक्या पाण्यातून तुम्ही पिंडीला प्रदक्षिणा घातली होती ना? मी गुडघाभर उतरले आणि कळ डोक्यात गेली. आईचा नमस्कार मात्र पोचवला. वर झोपडीत पिठलं-भाकरी आणि ताक. मग पाचनईची वाट दोन तासांत उतरलो. खरंच सोपी आहे. वाटेत नऊवारीतल्या एक आजी आम्हाला मागं टाकून गेल्या. खाली जीप ठरवलेली होती. ओतूरवरून पुण्यात शिरलो तेव्हा साडेअकरा झाले होते.

आता दुसरं. शेजारच्या काकूंचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. बाबांच्या कपाळाला "दार लागलं" नव्हतं. जिन्यावर चक्कर येऊन ते पडले आणि तीन टाके पडले. काकूंना बोलू नका, त्यांना वाटलं मला ठाऊक आहे. म्हणजे आपण तिघंही एकाच माळेचे मणी. तर असं करू. मी निघताना वाट, गाव आणि वाटाड्याचा नंबर खरा खरा कळवीन, मग आईला रात्रभर झोप लागो न लागो. तुम्ही टाके, चक्कर, साखर, सगळं त्याच दिवशी सांगायचं. मला झोप लागो न लागो. बाबा, गुडघ्याचा एक्सरे काढलाय हेही काकूंनीच सांगितलं. मी पंधरा तारखेला येते आहे, तो कपाटाच्या वरच्या खणातून काढून ठेवा.

आणि आई, तिळाच्या वड्या दुसऱ्या टप्प्यानंतर बसून संपवल्या. दादांनी चार खाल्ल्या, मैत्रिणीनं सहा. पुरणपोळी नको म्हणणारीनं! पण घसाऱ्यावर सॅक आपटली आणि तुझ्या लग्नातल्या, नाव घातलेल्या त्या स्टीलच्या डब्याला पोचा पडलाय. झाकण आता लागत नाही. त्यासाठी काय रागवायचं ते रागव.

तुमची,
चिमी