सर, त्या माइकच्या स्क्रूसाठी थँक्यू

सर, नमस्कार,

हे पत्र 2 वर्षं उशिरा लिहितेय. काल रात्री चुलत बहिणीचा फोन आला, तिच्या कॉलेजात सेंडऑफ आहे, टी.वाय.च्या पोरांकडून तिला बोलायचंय, तर म्हणते ताई जरा शुद्ध मराठीत भाषण लिहून दे ना, माझ्या तोंडातून 'शे' निघून जातं आणि मग सगळे हसतात. फोन ठेवला आणि मला रडूच आलं. तुम्हीच आठवलात एकदम.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घरी अहिराणी, आहे-बिहे कोणी म्हणत नाही, शे च म्हणतात. फर्स्ट इयरला बॉटनीच्या तोंडी परीक्षेत समोर पळसाची फांदी ठेवली होती, मी शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा बरोबर सांगितलं, पण मराठी नाव विचारल्यावर 'पयस' म्हणाले. परीक्षा घेणारे इतके हसले की बाजूच्या टेबलवरच्यांना बोलावून परत म्हणायला लावलं मला. पुढे टी.वाय. संपेपर्यंत वर्गात मी 'येस सर' सोडून काही बोलले नाही. आणि गंमत बघा, ज्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ज्या घरच्याच बोलीत ओव्या रचायच्या, त्या बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये आमच्या विद्यापीठाला दिलं, त्यांचं नाव छापलेली मार्कशीट हवी असेल तर मात्र बोली घरी ठेवून या. असो.

आमच्या सेंडऑफला एनएसएसतर्फे माझं नाव तुम्हीच घातलं होतं. स्टेजवर चढले तर माइक माझ्या कपाळाला! मी टाचा उंच करून उभी, मागून पोरं खिदळायला लागली. तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात आणि स्टँडचा स्क्रू पिळायला लागलात, तो जाम झालेला, हलेचना. अख्खा हॉल बघतोय, प्रमुख पाहुणे घड्याळ बघतायत आणि तुम्ही आपले खिशातून रुमाल काढून त्यावर गुंडाळून पिळताय, एक नाही दोन नाही, चांगली तीन-चार मिनिटं. एकदाचा तो खाली आला. मग हळूच म्हणालात, "ताई, टाचा खाली टेक. आता घरी बोलतेस तसं बोल."

मी 'बठ्ठासले राम राम', म्हणजे सगळ्यांना राम राम, म्हणाले. पुढचं काय बोलले खरंच आठवत नाही.

त्याच दिवशी गेटवर मी तुम्हाला डेहराडूनच्या एमएस्सीबद्दल विचारलं होतं, घरचे नको म्हणत होते, तुम्ही एवढंच म्हणालात की जाऊन तर बघ, नाही जमलं तर भुसावळला उतरवणारी गाडी रोज असते. बाकी सगळ्यांनी हिंदी येतं का, थंडी झेपेल का, मुलीच्या जातीला कशाला, हेच केलं.

इथं आले तर पहिले काही महिने रोज राजमा-चावल, हिंदीची बोंब, आणि एफआरआयची (फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटची) ती 1929 ची लालभडक इमारत एवढी मोठी की क्लास शोधता शोधता लेक्चर संपायचं. दोनदा बॅग भरली होती सर, खोटं नाही सांगत. मग एकदा हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून जपलेल्या झाडपाल्याच्या नमुन्याचं, लेबल भरायला दिलं, त्यात स्थानिक नावाचा एक रकाना असतो. समोर परत पळसच! बाकीच्यांनी पलाश, ढाक लिहिलं, मी घाबरत घाबरत 'पयस' लिहिलं. मॅडमनी वाचलं, परत म्हणायला लावलं (माझ्या पोटात गोळाच आला), आणि वहीत लिहून घेतलं, खाली माझ्या तालुक्याच्या नावासकट. बॅग रिकामी केली त्या दिवशी.

तुम्ही ना माझे बॉटनीचे सर, ना वर्गशिक्षक. तुमचं काहीच अडलं नव्हतं, शिपायाला हाक मारून बसून राहिला असतात तरी चाललं असतं. पण अशी माणसं उठतात खुर्चीतून, काय करणार.

बहिणीला भाषण लिहून दिलं नाही. म्हटलं तुझं तू बोल, फक्त आधी माइकची उंची बघून घे.

दिवाळीत येतेय. आई कळण्याचं पीठ देणार आहे तुमच्यासाठी, आणि मी तेलाची बाटली आणतेय, तो स्क्रू अजून तसाच जाम असणार.

तुमची,
टाचा उंच करणारी